साहेबरावांची पाच वाक्यं

साहेबराव ओव्हाळांनी आयुष्यात इंग्रजीतलं एकच वाक्य छातीठोकपणे म्हटलं होतं, आणि ते नेमकं भलत्या ठिकाणी म्हटलं.

भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं टर्नर म्हणून काढल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका गाळ्यात जुना लेथ टाकून स्वतःचं काम सुरू केलं. आता तिथं कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी मशिनं होती, सहा माणसं होती, आणि चाकणच्या एका कंपनीला इथून पिना आणि बुश असे सुटे भाग जात होते. माल कधी परत आला नव्हता, कधी उशिरा गेला नव्हता. त्या कंपनीची एक जर्मन इंजिनियर बाई डिसेंबरात सगळ्या सप्लायरांकडे फिरत होती. ती भोसरीला आली त्या दिवशी साहेबरावांची मुलगी मिनल मैत्रिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेली होती. मिनलच कंपनीच्या मेल बघायची, ड्रॉइंग वाचायची, माल तपासायची. तिच्याशिवाय गाळ्यात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं.

बाईंनी हसतमुखानं सगळं पाहिलं. मग मशिनच्या दाराशी थांबून विचारलं, “विल यू लेट मी सी द सेटिंग?”

त्या वाक्यातला एकच शब्द साहेबरावांच्या ओळखीचा होता. लेट. शिफ्टला लेट, बस लेट, माल लेट. एवढी वर्षं ज्या गोष्टीची सावली पडू दिली नाही, तीच ही बाई तोंडावर विचारतेय म्हटल्यावर त्यांचं डोकं तापलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “नो लेट, मॅडम. नेव्हर लेट. नेव्हर.”

बाईंचं हसू मावळलं. दोन पावलं मागं सरून त्या सॉरी म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि गाडीत बसून गेल्या. साहेबराव मात्र खूश होते. एका दमात विषय मिटवला असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी मिनलनं मेल उघडली. पाहुण्यांना मशिनचं सेटिंग बघू दिलं गेलं नाही, आम्ही तुमच्या निर्णयाचा आदर करतो, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. तिनं वडिलांना विचारलं, त्यांनी घडलं ते सांगितलं, आणि मिनल हसत हसत स्टुलावरच बसली. मग वडिलांचा चेहरा बघून तिनं हसणं आवरलं.

“पप्पा, त्या उशिराचं विचारत नव्हत्या,” ती म्हणाली. “मला बघू द्याल का, असं विचारत होत्या.”

मिनलनं माफीची मेल लिहिली, तिकडूनही गोड उत्तर आलं, प्रकरण तिथंच मिटलं. साहेबरावांच्या मनातून मात्र ते जाईना. आपल्या दारात आलेल्या पाहुण्याला आपण नाही म्हणालो, आणि तेही छातीवर हात ठेवून, हे त्यांना जेवताना आठवायचं, स्कूटर चालवताना आठवायचं. शेवटी एका संध्याकाळी फिरायला जातो असं घरी सांगून ते बाहेर पडले आणि पिंपळे गुरवातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, इंग्रजीच्या क्लासला नाव घालून आले.

क्लास श्रद्धा नावाची एक सव्वीस वर्षांची मुलगी घ्यायची. सकाळी शाळेत शिकवायची आणि सोमवारी, बुधवारी संध्याकाळी सात ते आठ मोठ्या माणसांना. वर्गात कॉलेजातली चारपाच पोरं, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या दोन बहिणी, आणि लक्ष्मणराव नावाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, ज्यांनी निगडीच्या गाड्यांवर तीस वर्षं काढली होती. साहेबराव त्यांच्या शेजारी बसू लागले. मॅडम वयानं मिनलपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण साहेबराव त्यांना उभं राहून उत्तर द्यायचे. शिकवणाऱ्यापुढं बसून बोलायचं नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी श्रद्धा मॅडमनी फळ्यावर तीन अक्षरं काढली आणि साहेबराव खुर्चीत सावरून बसले. हाच तो शब्द. मॅडम म्हणाल्या, उशिराचा लेट तोंडात लांबवायचा, हा लेट झटक्यात सोडायचा. मग म्हणाल्या, आपण दिवसभर येऊ दे, बघू दे, करू दे म्हणतो, त्यातला जो ‘दे’ आहे ना, तोच हा. कुणीतरी कुणाला काहीतरी करू देतं. परवानगी देतं. पोरांनी दोनचार वाक्यं केली. लक्ष्मणरावांनी ‘कंडक्टर लेट पॅसेंजर सिट’ असं केलं आणि मॅडमनी त्यात दोन दुरुस्त्या सांगितल्या.

गृहपाठ होता पाच वाक्यांचा. पण मॅडमची एक अट होती. वाक्यं स्वतःच्या घरातली किंवा कामावरची हवीत आणि खरी हवीत. मागच्या बॅचला सगळ्यांनी ‘माझे वडील मला क्रिकेट खेळू देतात’ असं लिहून आणलं होतं, त्यात पन्नाशीचे एक गृहस्थही होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, भोसरीच्या सुट्टीचा वार. साहेबराव नऊला उठले, चहा घेतला आणि बायको बाजारात गेल्यावर वही काढली. पहिलं वाक्य पटकन सुचलं. केसरबाई लेट्स मी स्लीप ऑन थर्सडे. केसरबाई म्हणजे त्यांची बायको. खरं होतं, लिहून टाकलं. मग दुसऱ्याला ‘आय लेट’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

आपण कुणाला काय करू देतो?

जयसिंगचं नाव आधी मनात आलं. लातूरकडचा माणूस, चौदा वर्षं त्यांच्याकडे मशिनवर होता. जयसिंगला आपण काय करू देतो? टूल बदलायचं झालं तर आपण बदलतो. मशिनमध्ये आकडा भरायचा झाला तर आपण भरतो. मोबाइलवर गाणी लावायला बंदी, कारण टूल झिजलं की कटिंगचा आवाज बदलतो आणि तो ऐकू आला पाहिजे. चहासुद्धा आपण बेल मारल्यावर. मग मिनलचा विचार केला. प्रॉडक्शनमध्ये डिप्लोमा केलेली मुलगी. आठ वर्षं गाळ्यात येतेय. मशिनच्या सेटिंगला तिनं हात पुढं केला की आपल्या तोंडून काय निघतं, ते त्यांना लख्ख ऐकू आलं. हात लावू नको.

तासभर वही उघडी राहिली. खोटं लिहायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, श्रद्धा मॅडम काही भोसरीला येऊन बघणार नव्हत्या. पण साहेबरावांनी अठ्ठावीस अधिक पंधरा वर्षांत तपासणीच्या कागदावर एक आकडा खोटा लिहिलेला नव्हता. पिन केसाच्या दहाव्या भागानं जाड झाली असली तरी तसंच लिहायचे आणि ती बाजूला काढायचे. आकडा चांगला यायला हवा असेल तर काम चांगलं करायचं, कागदाशी खेळायचं नाही. विचार करता करता त्यांना वाटलं, वाक्याचंही तसंच. खरं वाक्य लिहायचं तर आधी ते खरं करावं लागणार.

शुक्रवारी सकाळी ते जयसिंगजवळ गेले आणि म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत गाणी लावायची असतील तर लाव. जयसिंगनं मान डोलावली आणि गाणी लावली नाहीत. दुपारी त्यानं मिनलला बाजूला घेऊन विचारलं, काकांची तब्येत बरी हाय नव्हं? मिनलला काहीच माहीत नव्हतं. तिनं वडिलांकडे निरखून पाहिलं, पण ते डबा खात होते, पोळी नेहमीइतकीच होती.

“अरे, लाव की,” साहेबराव शेवटी म्हणाले. “मला ते लिहायचंय... म्हणजे, ऐकायचंय.”

जयसिंगनं भीत भीत मोबाइल लोखंडी कपाटावर ठेवला. गाणं नव्हतंच ते. त्याच्या थोरल्या भावाचं गावाकडं बँडपथक होतं, भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा, आणि जयसिंगनं मागच्या उन्हाळ्यात एका वरातीत त्याचं वाजवणं टिपून आणलं होतं. मागं माणसांचा गलका, मधेच कुणाची तरी शिट्टी, आणि त्या सगळ्यावरून क्लॅरिनेट वर वर चढत गेलेलं. सहाही माणसं घास हातात धरून ऐकत राहिली. साहेबरावांना चौदा वर्षांत जयसिंगला भाऊ आहे एवढं माहीत होतं, तो काय करतो ते माहीत नव्हतं. संपल्यावर त्यांनी ते परत एकदा लावायला सांगितलं.

शनिवारी खरा कस लागला. चाकणहून नव्या पिनचं काम आलं होतं, आधी वीस नमुने पाठवायचे होते. पिन दोन्ही टोकांना वेगवेगळ्या जाडीची, आणि दोन्ही टोकांचा मध्य अगदी एका रेषेत हवा होता. असं काम म्हणजे साहेबरावांच्या हातचं, हे गाळ्यात न बोलता ठरलेलं असायचं. त्यांनी ड्रॉइंग उचललं, मशिनपर्यंत गेले, परत आले आणि ते मिनलच्या हातात दिलं.

“सेटिंग तू कर.”

मिनलनं ड्रॉइंग घेतलं नाही. “पप्पा, काल गाणी, आज हे. तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात का? मला खरं सांगा.”

“मला काही झालेलं नाही. तुला जमतंय की नाही, तेवढं बोल.”

“जमतंय,” मिनल म्हणाली, आणि त्यांचा विचार बदलायच्या आत ड्रॉइंग घेऊन मशिनकडे गेली.

करू देणं म्हणजे एकदा हो म्हणून मोकळं होणं, अशी साहेबरावांची समजूत होती. ती दहा मिनिटांत फिटली. मिनल जॉ, म्हणजे पिन पकडणारे जबडे, बसवत होती आणि यांचे हात आपोआप पुढं जात होते. त्यांनी ते पाठीमागं बांधले. तिनं पाना उलटा धरला असं त्यांना वाटलं, तिनं तो बरोबरच धरला होता. त्यांनी घसा खाकरला. मिनलनं वळून पाहिलं. ते म्हणाले, काही नाही. परत खाकरले. शेवटी जयसिंग पुढं आला.

“काका, चला, च्या पिऊन येऊ,” तो म्हणाला. “पोरगी करायलीय ना. करू द्या की.”

दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसले. दिवसाउजेडी, बेल न वाजता, मशिनं चालू असताना साहेबराव टपरीवर बसल्याचं बघून आजूबाजूच्या गाळ्यांतले दोघंतिघं येऊन विचारून गेले, लाइट गेली का म्हणून. त्यांनी दोन चहा घेतले. तिसरा जयसिंगनं घेऊ दिला नाही.

परत आले तेव्हा पहिली पिन वाया गेलेली होती. मिनल ती हातात धरून उभी होती. एक टोक जरुरीपेक्षा बारीक उतरलं होतं. बाकीचे कामगार आपापल्या कामाकडे फार लक्ष देऊन बघत होते. साहेबरावांच्या जिभेवर चार वाक्यं एकदम आली. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि म्हणाले, “माझ्या पहिल्या सात वाया गेल्या होत्या. दुसरी घे.”

दुसरी पिन निघाली. मिनलनं मोजली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसून स्वतः मोजली. मग दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का ते बघायला डायल लावून फिरवून पाहिली. काटा हललाच नाही म्हटलं तरी चालेल, इतका कमी हलला. त्यांच्या हातून निघालेल्या पिनेतसुद्धा तो याहून जास्त हलायचा. ते उठून मशिनमध्ये डोकावले आणि तिथंच थबकले.

पिन एका बाजूनं करायची, मग काढून उलटी धरायची आणि दुसरी बाजू करायची, अशी त्यांची पद्धत. उलटी धरताना कितीही जपलं तरी थोडा फरक पडायचाच. मिनलनं ती उलटी केलीच नव्हती. लोखंडी बार जास्त बाहेर काढून, पुढच्या टोकाला मशिनमधल्या सेंटरचा, म्हणजे टोकदार टेकूचा, आधार देऊन, एकाच पकडीत तिनं दोन्ही टोकं केली होती आणि शेवटी पिन कापून वेगळी काढली होती. तो सेंटर मशिनबरोबरच आलेला होता. मधे येतो म्हणून साहेबरावांनी तो पहिल्याच वर्षी मागं सरकवून ठेवला आणि विसरून गेले.

“हे कधी सुचलं तुला?”

“दीड वर्ष झालं,” मिनल म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, हात लावू नको.”

ती हे रागानं म्हणाली नाही, ड्रॉइंगची घडी घालता घालता साधं सांगितलं. साहेबरावांनी पिन एकदा बोटांत फिरवली. मग त्यांनी जयसिंगला हाक मारली, बाकीच्या सगळ्यांना बोलावलं, आणि प्रत्येकाला डायल लावून काटा बघायला लावला. शेवटी परत स्वतः बघितला. त्यांना आतून जे होत होतं त्याला काय म्हणायचं ते मराठीतही सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत वीस नमुने तयार झाले. संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना ते बँडची ती चाल गुणगुणत होते आणि मागं बसलेली मिनल हसू दाबत होती.

सोमवारी क्लासात त्यांनी उभं राहून तीनच वाक्यं वाचली. केसरबाई गुरुवारी मला झोपू देते. मी जयसिंगला गाणी लावू देतो. मी मिनलला मशिनचं सेटिंग करू देतो. श्रद्धा मॅडमनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, लक्ष्मणराव जरा जास्तच वेळ वाजवत राहिले.

मग मॅडम म्हणाल्या, या शब्दाची एक गंमत आहे. बहुतेक क्रियापदं भूतकाळात बदलतात, हे बदलत नाही. आय लेट म्हणजे मी करू देतो, आणि आय लेट म्हणजेच मी करू दिलं.

साहेबराव खाली बसले नव्हते. “मग मॅडम, मी एकदा करू दिलं की रोज करू देतो, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?”

“नुसत्या या वाक्यावरून नाही कळणार, काका. रोज असेल तर शेवटी ‘एव्हरी डे’ लिहावं लागेल.”

साहेबरावांनी पेन उघडलं, वहीकडे पाहिलं आणि पेन पुन्हा बंद करून खिशाला लावलं. आत्ता लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

मंगळवारी सकाळी ते सवयीनं मशिनकडे निघाले आणि अर्ध्या वाटेतून वळले. बुधवारी मशिनच्या दाराला हात लागला, तेवढ्यावर परत आले. पुढच्या आठवड्यात एकदा मिनलशी त्यांचं वाजलंसुद्धा, टूल कुठलं लावायचं यावरून. तिनं तिचं लावलं, आणि त्या वेळी तिचं चुकलं. तिनं ते मान्य केलं, साहेबरावांना बरं वाटलं, आणि तरीही सेटिंग तिच्याकडेच राहिलं. महिनाअखेरीला चाकणहून मेल आली. नमुने पास झाले होते, आणि अशाच आणखी दोन पिनांचं काम देऊ का, असं विचारलं होतं. मेल मिनलच्या नावानं होती. साहेबरावांनी ती तिच्याकडून शब्दाशब्दानं वाचून घेतली आणि दुसऱ्यांदा स्वतः वाचली. मधले तीन शब्द अडले, बाकी समजली. त्या दिवशी बुधवार होता. क्लासला जाण्याआधी, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी तिसऱ्या वाक्यापुढं दोन शब्द लिहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. केसरबाईंनी धुवायला म्हणून त्यांची कापडी पिशवी उलटी केली आणि वही बाहेर पडली. सातवीपर्यंत शिकलेल्या केसरबाईंना इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची. त्यांनी आपलं नाव ओळखलं आणि साहेबरावांना उठवलं.

“अहो, हे माझं नाव कुठं लिहून ठेवलंय? फिरायला जाता ना तुम्ही?”

साहेबरावांनी अंथरुणात बसूनच सगळं कबूल केलं. जर्मन बाई, क्लास, पाच वाक्यं, सगळं. मिनल दारात येऊन उभी राहिली होती. तिला गाण्यांचा आणि सेटिंगचा उलगडा झाला तेव्हा ती आत येऊन वडिलांच्या खांद्याला खांदा लावून बसली. केसरबाईंनी मात्र आपलं वाक्य समजावून घेतलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“मी कुठं झोपू देते? साडेसातपासून हाका मारते, तुम्ही उठत नाही. खोटं हाय हे.”

साहेबराव विचारात पडले. माणूस झोपलेला असताना कुणी हाका मारल्या हे त्याला कसं कळणार, असं ते म्हणून बघत होते, पण मिनलनं आईच्या बाजूनं साक्ष दिली. वाक्य खोडावं लागलं.

“मग तू मला काय करू देतेस?” त्यांनी पेन हातात धरून विचारलं.

केसरबाईंनी डोळे पुसले आणि खरंच विचार केला. “डबा करून द्यायला लागले त्याला तेहेतीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “कामाच्या दिवशी तुम्हाला तव्यावरची भाकरी कधी वाढली नाही. उद्या दुपारी जेवायला घरी या, मला गरम वाढू द्या. आलात तर काय ते लिहा.”

शुक्रवारी साडेबाराला साहेबराव मशिनांकडे एकदाही न बघता गाळ्याबाहेर पडले. तसं त्यांनी ठरवलंच होतं, कारण बघितलं असतं तर निघणं झालं नसतं. पिंपळे गुरवात दुपारी त्यांची गल्ली कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेच्या रिक्षा पोरं उतरवत होत्या, कुणीतरी गच्चीवर पापड घातले होते, त्यांच्याच दारात एक मांजर असं पसरलं होतं की घर त्याचं असावं. केसरबाईंनी पाट मांडला. मेथीची भाजी, खरडा, आणि तव्यावरून थेट ताटात आलेली, पापुद्रा फुगलेली बाजरीची भाकरी. पहिला घास भाजला, दुसराही भाजला, साहेबराव फुंकर घालत खात राहिले.

एवढ्यात शेजारच्या दुर्गाबाई दारात आल्या. स्कूटर दिसली म्हणून आल्या होत्या. भाऊंना बरं नाही का, त्यांनी काळजीनं विचारलं. केसरबाईंनी सांगितलं, बरं आहे, जेवायला आलेत. पाच मिनिटांनी समोरच्या घरातून विचारणा झाली. मग खालच्या किराणावाल्यानं पोरीला पाठवलं. केसरबाईंनी तिघांनाही तेच उत्तर दिलं, दर वेळी थोड्या मोठ्या आवाजात, आणि तिसऱ्या वेळी तर उगाच गॅलरीत जाऊन.

आत येऊन त्यांनी दुसरी भाकरी थापायला घेतली. साहेबरावांनी आणखी खरडा मागून घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले, “सावकाश होऊ दे. मला काही घाई नाही.”